पिल्लाचा कान

अरुंधतीनं कोंबडीच्या पिल्लाची मान चिमटीत धरली आणि कात्री चालवली. कच्चकन आवाज झाला. धड मेणकापडावर फडफडत राहिलं, रक्ताचे दोन-चार थेंब गणपतरावांच्या धोतरावर उडाले, आणि ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं शाळेचा व्हरांडा रिकामा व्हायचा ते गणपतराव मास्तर भिंतीला टेकले.

"अगं, आधी सांगायचं तरी! असं माणसादेखत मुंडकं उडवायचं?"

"रोजचंच आहे, बाबा. बसा तुम्ही."

मास्तरांना पंचाहत्तरावं लागलं होतं. त्यांचे जुने विद्यार्थी नागपुरात त्यांचा जंगी सत्कार करणार होते आणि त्यात लेकीचं भाषण हवंच होतं. इतवारीत धान्याचं दुकान चालवणारा चंद्रभान हा त्या मंडळींचा म्होरक्या. तोच आज मास्तरांना गाडीत घालून तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन आला होता. भाषणाचा विषयही त्यानं परस्पर ठरवला होता : 'बाबांच्या हातानं मी घडले.'

अरुंधतीला हे भाषण करायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण पंचवीस वर्षं घरात टायफॉइड या नावानं नांदत होतं. नववीत एक प्रमेय चुकलं म्हणून बाबांनी भर वर्गात तिच्या डाव्या कानाखाली वाजवली. तो कान गेला तो गेलाच. पुढे महिनाभरात तिला ताप आला आणि आईला आयतं निमित्त मिळालं. कोणी विचारलं तर तापानं गेला म्हणायचं, बाबांना तर खरं मुळीच कळू द्यायचं नाही. त्यांना सोसवणार नाही म्हणे! मार खाणारीनं मारणाऱ्याला जपायचं, हा उफराटा न्याय त्या घरात मोठ्या मायेनं चालला. आई गेली, तरी तो चालूच होता.

"काय सांगू मॅडम, सरांचा हात!" चंद्रभान म्हणाला. "माह्या कानात आठ-आठ दिवस शिट्टी वाजे. पण त्याच्यानंच माणूस झालो मी. सर, रविवारी स्टेजवर सगळ्यायले एकेक पाहिजे. मले आजच देऊन टाका!"

त्यानं वाकून नमस्कार केला आणि गाल पुढे केला. जुन्या विद्यार्थ्यांची ही रीतच पडून गेली होती. सर हलकीशी चापट मारत, मग सगळे हसत. पण पिल्लाला पाहून भिंतीला टेकल्याची लाज असेल, की आणखी काही, आज सरांचा हात सैल सुटला. चंद्रभान टेबलावर आदळला. काचपट्ट्यांचा ट्रे खाली पडला आणि निम्म्या काचा फुटल्या.

"वा!" कान दाबून तो हसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हात तसाच हाये अजून!"

त्या हातात कात्री खुपसावी असं अरुंधतीला वाटलं. अगदी खरोखर वाटलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"इकडे या दोघं," ती म्हणाली आणि तिनं वाचलेल्या काचा एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. "हा धडधाकट कान. हे रांगेत उभे दिसतात ना, ते पेशींचे केस; त्यांच्यामुळं ऐकू येतं. या दुसऱ्या पिल्लाला रात्रभर भोंगा ऐकवला होता."

"हे तं मैदानच झालं," चंद्रभान म्हणाला.

"आणि यालाही भोंगाच ऐकवला होता, पण हा कान दहा-बारा दिवसांनी काढला."

गणपतरावांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, पुन्हा उगवले की! कसे?"

"शेजारी नुसत्या आधाराच्या पेशी असतात. त्यांच्या आत काही प्रथिनं जनुकांवर जाऊन बसतात आणि हुकूम सोडतात, की आता तू ऐकणारी पेशी हो. त्यांतलं एक माहीत आहे, पण इजा झाल्यावर त्याला जागं करणाऱ्या प्रथिनाच्या मागे आम्ही लागलोय. ते अजून कोणाला सापडलेलं नाही."

"ऐकलंस, चंद्रभान?" सर वर्गातल्या आवाजात म्हणाले. "मार पडला की पेशीसुद्धा नव्यानं घडते! रविवारी हेच बोल, अरू."

"बाबा, हा कोंबडीचा कान आहे. माणसात तो हुकूम आईच्या पोटात एकदाच सुटतो. पडदा फाटला तर सांधतो, पण आतल्या या पेशी मेल्या की कायमच्याच." तिनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "माझा डावा कान टायफॉइडनं गेलेला नाही."

"मग?"

"नववीतला भूमितीचा तास. तुमचाच."

गणपतराव स्टुलावर बसले. जन्मभर शुद्ध भाषेचा आग्रह धरलेला हा माणूस एकदम गावच्या बोलीवर आला.

"मले काहून नाही सांगितलं वं?" आणि मग जरा चिडूनच, "एवढ्या जोरात नव्हतं मारलं मी."

पंचवीस वर्षं ती एका शब्दाची वाट पाहत होती, आणि आलं ते हे. तिला रडूही आलं नाही. ती खाली बसून काचा गोळा करू लागली.

"मॅडम." चंद्रभानचा हात अजून कानावरच होता. "कधीच नाही येत? लहान लेकरायचे बी?"

"नाही."

"सहा वर्षाची असली तरी?"

तिनं मान वर केली. तो तिच्याकडं बघत नव्हता.

"शाळेतली बाई म्हणे, तुमची पोरगी हाक मारली तं वळून पायतच नाही. मले वाटलं, माजली. म्हणून मी अजून जोरात..."

तो खिशात गाडीची किल्ली चाचपत दाराकडं निघाला. गणपतरावांनी मागून हाक मारली, मग दुसरी, वर्गातल्या आवाजातली. तो थांबला नाही.