दारातल्या पाहुण्या

शिडीवर उभ्या नेरीने चर्चच्या भिंतीवरच्या ओल्या गिलाव्यावर मरियेच्या आईच्या, संत अन्नाच्या, गालाला गुलाबी छटा दिली, तेवढ्यात खालून आवाज आला.

"बाळंतीण अशी नटूनथटून बसते होय रे?"

त्याने डोळे मिटून घेतले. सुईण दियानोरा सलग तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये हजर होती. पिस्तोया गावातली निम्मी माणसं तिच्याच हातून जन्मलेली, नेरीसुद्धा. तिला हाकलायची कुणाची छाती?

"आणि फळांची टोपली घेऊन धावणारी ही कोण? आम्ही दारंखिडक्या लावून घेतो. हिचा झगा कुठल्या वाऱ्याने उडतोय?"

"आजी, ती जुन्या रोमन शवपेटीवरच्या कोरीव कामातून घेतलीय. लोक लांबून बघायला येतात ते."

"शवपेटीवरची बाई बाळंतिणीच्या खोलीत? शहाणाच आहेस!"

नेरीने कुंचला फळीवर आपटला. गिलावा वाळत चालला होता, वाळल्यावर त्यात रंग मुरला नसता, आणि रविवारी बिशप मरियेच्या जन्माचं हे चित्र बघायला येणार होते.

"झालं? की आहे अजून काही?"

"आहे ना. इतक्या वर्षांनी लेक झाली, आणि ही अन्ना बघतेय कुठे? दाराकडे! कुठली आई असं करते?"

"दारातून पाहुण्या येतायत म्हणून! त्यात चर्चच्या कारभाऱ्यांची बायकोही आहे, चित्राचे पैसे तेच देतायत, ती दिसायलाच हवी. आणि आई कुठे बघते ते तुला काय ठाऊक? तुला स्वतःचं एक तरी मूल झालंय का?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"झालं होतं," दियानोरा म्हणाली. "सोळाव्या वर्षी. लग्न नव्हतं झालेलं. माझ्या आईने कापडात गुंडाळली आणि तशीच दारातून बाहेर, अनाथालयात नेऊन दिली. मुलगी होती, एवढं कानावर आलं."

नेरी शिडीच्या दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच थांबला.

"तेव्हा तू... कुठे बघत होतीस?"

तिने मान वर करून अन्नाकडे पाहिलं. मग अन्ना बघत होती त्या दाराकडे.

"राहू दे तिला तशीच," ती म्हणाली, आणि शाल सावरत निघून गेली.

नेरी पुन्हा वर चढला. त्याने छिन्नी घेतली आणि दारातल्या तिन्ही पाहुण्या, कारभाऱ्यांच्या बायकोसकट, खरवडून दार रिकामं करायला सुरुवात केली.