चौथ्या खांबावरची काच

मुकादमांनी नोकरीत एकदाच खोटं लिहिलं, आणि तेही सोमवारी सकाळी सव्वासातला, अक्षर नीट काढून.

जुना रेल्वे पूल एकतीस वर्षं त्यांच्या देखभालीत होता. पूल दगडी खांबांचा, वय झालेला, आणि वय झालेल्या माणसासारखं त्याचं रोज काहीतरी दुखत असे. म्हणून तर त्याच्या शेजारी, हाकेच्या अंतरावर, नवा पूल बांधायला घेतला होता. नवा उभा राहीपर्यंत जुन्याने दम धरायचा आणि गाड्या पेलायच्या, असं वरच्यांनी ठरवलेलं. जुन्याला विचारायला कुणी गेलं नव्हतं. गाड्याही बिचाऱ्या पुलावर आल्या की इतक्या दबकत जायच्या की आतल्या माणसाला उतरून बरोबर चालता आलं असतं.

घोर लागावा अशी गोष्ट एकच होती. नव्या पुलाच्या पायासाठी नदीच्या तळात मेखांसारखे लांबलचक लोखंडी पाइल ठोकत होते. ठोकणाऱ्या यंत्राला मजुरांनी 'सासूबाई' नाव ठेवलं होतं, कारण ते सकाळी आठला सुरू झालं की संध्याकाळपर्यंत कुणाचं ऐकत नसे. सासूबाईंचा दणका बसला की जुन्या पुलाच्या दगडांतून कंप जाई. त्यातच चौथ्या खांबाला पूर्वीची एक उभी भेग होती. त्या भेगेवर एक काचपट्टी आडवी, दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवलेली असे. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकणार, हे त्यातलं साधं गणित. काच लावल्याची तारीख काचेवरच रंगानं लिहायची, रोज सकाळी खाली उतरून ती बघायची, आणि रजिस्टरात 'ठीक' किंवा 'तडकली' असं लिहायचं. 'तडकली' लिहिलं की गाड्या बंद, सासूबाई बंद, आणि पुन्हा सगळं मोजून होईपर्यंत दोन्ही पुलांवरची माणसं हाताची घडी घालून बसणार.

त्या सोमवारी मुकादम लोखंडी शिडी उतरून चौथ्या खांबापाशी पोचले तेव्हा वरून मालगाडी सरकत होती. ते खांबाकडे वळले आणि त्याच क्षणी 'टक्' असा आवाज झाला. बघतात तर काचेचे दोन तुकडे.

"घ्या! फोडली," ते स्वतःलाच म्हणाले.

त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला सदा एक हातोडी लटकत असे. वळताना तीच लागली असणार, दुसरं काय? त्यांनी कमरेकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या पायात चप्पल आहे की नाही हे कोण वाकून बघतं?

मागच्याच महिन्यात त्यांच्या हातून अशीच एक काच बॅटरीचा धक्का लागून फुटली होती. त्यांनी इमानदारीत लिहिलं, पाऊण दिवस गाड्या अडकल्या, आणि वरून पत्र आलं की पुन्हा असा हलगर्जीपणा झाला तर गोदामात बसवू. निवृत्तीला अकरा महिने उरलेले. स्टेशनमास्तर तसा जुना दोस्त, पण तोही चारचौघांत म्हणाला होता, "काय मुकादम, काचा बघायला जाता की फोडायला?" सगळे खो खो हसले होते. मुकादमही हसले होते, पण ते हसू त्यांना घशाखाली उतरलं नव्हतं.

शिवाय नव्या पुलाची इंजिनीअर म्हणजे त्यांची सख्खी भाची, थोरल्या बहिणीची लेक. लहानपणी सुट्टीत आली की याच पुलाच्या टोकाला उभी राहून "मामा, हा पडत कसा नाही?" म्हणून डोकं खायची. आज तिचं काम चाळीस दिवस मागे पडलं होतं, आणि नदीला पाणी चढायच्या आत पाइल संपवायचे होते. आपल्या वेंधळेपणापायी पोरीचा आणखी एक दिवस बुडवायचा?

मुकादमांनी पिशवीतून नवी काच काढली, लवकर धरणारं सिमेंट कालवलं आणि काच बसवली. तिच्यावर तारीख लिहिली ती मात्र जुन्या काचेची. तुकडे नदीत टाकले. वर येऊन रजिस्टरात लिहिलं: ठीक.

मंगळवारी काच शाबूत होती. बुधवारी सकाळीही होती. मुकादमांचा जीव भांड्यात पडला. भाचीनं रोजच्यासारखं विचारलं, "मामा, चौथा?"

"ठीक."

"मग आज जेवणानंतर त्याच्या अगदी शेजारचा पाइल घेते. तो एकदा गेला की मी सुटले."

"घे की," मुकादम म्हणाले.

दुपारी ते घरी जेवायला आले. घर सायकलवरून दहा-बारा मिनिटांवर. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच बायकोनं ताटाशेजारी हातोडी आणून आदळली.

"ही तुमची लाडकी. रविवारपासून खिडकीत लोळतेय. उद्या कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे?"

"कधीपासून?"

"रविवारपासून म्हटलं ना! कडी ठोकलीत आणि तिथंच ठेवलीत. मी म्हटलं बघू, कधी आठवण होते. तीन दिवस झाले, आहे का पत्ता?"

या आठवड्यात ठोकाठोकीचं काम नव्हतं, नुसत्या काचा बघायच्या होत्या, म्हणून हातोडीची आठवणच झाली नव्हती. मुकादमांचा घास तोंडातच राहिला. सोमवारी कमरेला हातोडी नव्हती. त्यांचा धक्का लागला नव्हता. काच आपली आपण तडकली होती, वरून मालगाडी जात असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि त्यांनी ती गुपचूप बदलली होती.

"अहो, काय झालं? पांढरेफटक पडलात."

"किती वाजले?"

"एक वाजून सात मिनिटं."

एक दहाची पॅसेंजर! मुकादमांनी खरकट्या हातानंच फोन लावला. सोमवारपासून किती गाड्या गेल्या त्या खांबावरून? रोजच्या चौदा. शाळेची पोरं, दवाखान्यात निघालेले म्हातारे, कुणाकुणाच्या लेकीसुना.

"बोला मुकादम," स्टेशनमास्तर म्हणाला.

"पॅसेंजर सुटली का?"

"झेंडा हातातच आहे. का हो?"

"सोडू नको. पूल बंद कर."

"बंद? सकाळीच तुम्ही 'ठीक' लिहिलंय. माझ्यासमोर रजिस्टर आहे."

"रजिस्टर खोटं आहे." मुकादमांचा आवाज चिरकला. "सोमवारी चौथ्यावरची काच तडकली होती. मी नवी लावून जुनी तारीख टाकली. मी, मी स्वतः खोटं लिहिलं. आता तरी ऐक बाबा!"

पलीकडे स्टेशनमास्तर कुणावर तरी ओरडला, "अरे, लाल दाखवा! लाल!" आणि फोन बंद झाला.

भाचीला तीनदा फोन लावला. तिनं उचलला नाही, आणि उचलणार कशी? सासूबाई सुरू झाल्या होत्या. मुकादम दारात आले तेव्हा लांबून पहिला दणका ऐकू आला.

त्यांनी सायकल काढली. वय अठ्ठावन्नच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, तरी ती सायकल त्या दिवशी जशी पळाली तशी नवी असतानाही पळाली नसेल. भाजीवाल्याच्या गाडीला हँडल घासलं, त्यानं आईवरून काहीतरी ऐकवलं, मुकादम थांबले नाहीत. दणका. मग तीन-चार श्वासांची शांतता. मग पुन्हा दणका. प्रत्येक दणक्याला त्यांना वाटे, आता पुढचा आवाज दगड कोसळल्याचा येणार. "थांबव गं बाई, थांबव," ते पुटपुटत होते, आणि रस्त्यावरचे लोक वळून बघत होते.

नदीकाठी पोचताच त्यांनी सायकल टाकली, अंगातला शर्ट काढला आणि तो डोक्यावर गरगर फिरवत यंत्राकडे धावले. यंत्रावरच्या माणसाला आधी गंमत वाटली असावी. मग त्यानं मुकादमांचं तोंड बघितलं आणि यंत्र बंद केलं.

भाची हेल्मेट सावरत धावत आली. "मामा! मामीला काही झालं का?"

"मामी बरी आहे. चौथा खांब बघ."

धापा टाकतच त्यांनी सगळं सांगितलं. काच, हातोडी, जुनी तारीख. एकही गोष्ट गाळली नाही. पलीकडे पॅसेंजर सिग्नलला उभी होती. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होता, आणि कुणीतरी डब्यातून ओरडून विचारत होतं की आता किती वेळ.

दोघं शिडी उतरली. पुढे ती, मागे ते. सकाळी शाबूत असलेली काच मधोमध तडकली होती, आणि दोन तुकड्यांमध्ये फट पडली होती. भाचीनं तिच्यात अंगठ्याचं नख घातलं. ते सहज आत गेलं.

"किती पाइल ठोकलेस सोमवारपासून?" मुकादमांनी विचारलं.

"सहा. हा सातवा."

तिनं वर मान करून साइटवरच्या माणसाला हाक मारली, "काम बंद! यंत्र मागे घ्या. मी सांगितल्याशिवाय कुणी काही सुरू करणार नाही." मग खिशातून वही काढली, तारीख टाकली, वेळ टाकली. अक्षर तिचंही नीट होतं.

"मला शिव्या दे," मुकादम म्हणाले. "वर काय कळवायचं ते कळव. माझं नाव घालून लिही. आता मला त्याची भीती नाही. ती भरलेली गाडी पुलावर चढली असती, पोरी. माझ्यामुळे."

ती लिहीत राहिली. लिहून झाल्यावर तिनं वही मिटली, पण वर निघाली नाही. खांबाच्या दगडावर हात ठेवून उभी राहिली.

"मंगळवारी माझ्या मोजणीच्या यंत्रावर हा खांब दोन मिलिमीटर कललेला दिसला होता, मामा," ती म्हणाली. "मी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं. मग तुमचं रजिस्टर बघितलं, त्यात 'ठीक' होतं. म्हणून मी ते मोजणीचं यंत्रच दुरुस्तीला पाठवून दिलं."