वळणावरचं डांबर

"लेका, दमानं वढ की! रूळ हाय त्यो, शर्यतीचा छकडा न्हवं!" सयाजी वरडला, आणि शेजारच्या पोरानं, गुंडानं, हसत हसत शाळेचा दगडी रूळ मागं घेतला.

सत्त्याण्णव सालचा वैशाख. हायवे रुंद करायचं काम चाललेलं. उकरलेल्या जुन्या डांबराच्या खपल्या ज्याला पाहिजेत त्यानं खुशाल न्याव्यात, अशी बोली होती. सयाजीच्या वस्तीची वाट म्हणजे काळ्या मातीचा नुसता राडा. पावसाळ्यात दुधाची किटली डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखल तुडवायचा. म्हणून गुंडानं ट्रॅक्टरनं खेपा आणून टाकल्या. उन्हानं खपल्या मऊ पडल्या, वरनं रूळ फिरला आणि दारापर्यंत काळी कुळकुळीत वाट झाली. एवढी ऐट सयाजीला जन्मात कधी करता आली नव्हती.

त्याची बायको हरणाबाई चहा घेऊन आली आणि कडेलाच थबकली. पाऊल काय टाकीना.

"गुंडा, कुठलं रं हे डांबर?"

"वडाच्या वळणावरचं, काकी. तितं लय जाड थर हुता." बोलला आणि त्यानं जीभ चावली.

सयाजीच्या हातातलं फावडं गळालं. त्याच वळणावर तीन वर्षांमागं त्यांचा एकुलता पोरगा ज्योतिबा मोटरसायकलसकट ट्रकखाली गेला होता. बाहेर मेलेल्याला शिवेच्या आत घ्यायचं नाही, ही गावाची रीत. "एकडाव उंबऱ्यापतूर आणा वो," म्हणून हरणाबाईनं आकांत मांडला, तरी सयाजीनं रीत पाळली. पोराला परस्पर नदीवर नेलं. तेव्हापासून तो त्या वळणाला फिरकला नव्हता. बाजाराला जायचं तरी उसातनं, आडवाटेनं. ती मात्र दर अमावस्येला तिथं दहीभात ठेवून यायची. आणि आज ते वळणच दारात येऊन बसलं होतं.

"उकर सगळं! भर ट्रॉलीत!" त्याचा आवाज फाटला. पहार घेऊन तो स्वतःच तुटून पडला.

"आवं, थांबा!" हरणाबाईनं पहार धरली. "तवा शिवंवर आडीवलासा. आता पुन्यांदा त्येला भाईर काढतासा व्हय?"

पहार काही त्याला उचलंना. मान खाली घालून तो वाटेवरनं कडेच्या मातीत उतरला.

ती घरात गेली, तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. लांबनं आलेल्या माणसावरनं ओवाळतात तसा तिनं वाटेवरनं तुकडा ओवाळून टाकला आणि पाणी ओतलं. तापल्या डांबरातनं वाफ निघाली.

"ये बाबा. लय उशीर केलास," ती म्हणाली, आणि त्याच वाटेनं अनवाणी घरात गेली. गुंडा रूळ घेऊन चालता झाला.

त्यानंतर ती वळणावर कधी गेली नाही. आता घरात तिसरं ताट वाढते. दुपारी ऊन तापलं की डांबराचा वास आत शिरतो, कुत्रं मोकळ्या वाटेकडं बघून शेपूट हलवतं, आणि सयाजी अर्ध्या ताटावरनं उठतो.

पावसाळ्यात पै-पाहुणा कोरड्या पायानं दारापर्यंत येतो. एकटा सयाजी तेवढा किटली डोक्यावर घेऊन कडेच्या चिखलातनं पाय उपसत जातो.

"आवं, वरनं या की," हरणाबाई दारातनं हाक मारते. "त्यो काय बी म्हनत न्हाई तुमास्नी."