ग्राउनबाखची भट्टी

जयवंती सामंतनं उभ्या जन्मात जर्मनी पाहिली नव्हती. पण ग्राउनबाख नावाच्या एका जर्मन खेड्यातून तिला डोळे मिटून चालायला सांगा, कुठे ठेचकाळायची नाही. चर्चपासून निघायचं. काळ्या पाटीच्या दगडाचं टोकदार छप्पर, बाजूला लिंडनचं जुनं झाड, झाडाखाली बाक. तिथून उतार धरून ओढ्याकडे. डाव्या हाताला एकवीस नंबर: लाकडी तुळयांच्या चौकटी, मधे चुन्यानं लिंपलेल्या भिंती, दारावर कोरलेलं साल सोळाशे सत्त्याऐंशी. उजवीकडे पाणगिरणी. तिचं चाक कधीच गेलं, पाट मात्र अजून वाहतो. पुढे कुरण, आणि कुरणापलीकडे टेकडी चढत गेलेलं जंगल. एकूण एकशे बारा इमारती. मस्कतच्या रुवीत एका एक्स्चेंज हाऊसच्या वरच्या मजल्यावर, एसीचं पाणी बादलीत ठिबकत असताना, बाईनं सात महिने खपून ते अख्खं गाव कागदावर उभं केलं.

आता जर्मनीतल्या गावाचं काम मस्कतला कशाला, असं तुम्ही विचाराल. तर जिल्ह्याला त्या गावातून रस्ता रुंद करायचा होता. त्याआधी प्रत्येक इमारतीची शीट हवी: कधीची आहे, कशासाठी वापरतात, धड आहे की पडायला आली. तिकडच्या कंपनीनं फोटो आणि मापं दुबईला धाडली, दुबईनं ती मस्कतला ढकलली, आणि मस्कतमध्ये ती येऊन पडली जयवंतीच्या टेबलावर. जयवंती कुडाळजवळच्या खेड्यातली, ओमानात येऊन चौदा वर्षं झालेली. ड्रॉइंगमध्ये तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला म्हणा ना.

मापांबरोबर टिपा येत. त्या लिहायच्या ग्राउनबाखच्या निवृत्त शाळामास्तरीण, फ्राऊ वेंडलिन, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. एकेका घराची दोन-दोन पानं! तीस वर्षं चाललेल्या एका लढाईत सैन्यानं अख्खं गाव कसं जाळलं, चर्चसुद्धा कसं राख झालं, उरलेल्या नऊ कुटुंबांनी जंगलातून परत येऊन पुन्हा घरं कशी बांधली, हे तर होतंच. शिवाय कुठल्या घरातली लेक कुठे दिली आणि कुठल्या दोन भावांनी बांधावरून चाळीस वर्षं तोंडं फिरवली, तेही. कंप्युटर त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी करून देई. जयवंती वाचता वाचता मनाशी हसायची. भाऊबंदकी काय फक्त कोकणातच असते होय!

शेवटच्या बारा टिपा मात्र हातानं लिहिलेल्या आल्या. बाईंचा कंप्युटर बिघडला होता. ते जुन्या वळणाचं अक्षर मशीनला लागेना, म्हणून अशा टिपा दुबईतल्या एका माणसाकडे जात आणि तीन दिवसांनी वाचून परत येत. अकरा गेल्या, अकरा आल्या. बारावी फाइलच्या तळाशी राहून गेली. एकाहत्तर नंबरची.

ती सापडली गुरुवारी, तिकडच्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारला, आणि सगळं काम त्याच दिवशी पाठवायचं होतं. पण घाई खरं तर कामाची नव्हतीच. एक फोन केला असता तर दुबईनं रविवारपर्यंत थांबून घेतलं असतं. घाई होती नाटकाची. सहा वाजता घराजवळ अल हैलला मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम होती, जयवंती त्यात खाष्ट सासू होती, आणि गेल्या खेपेला उशीर झाला म्हणून दिग्दर्शकानं चारचौघांत तिचा पाणउतारा केला होता.

तिनं एकाहत्तरचा फोटो उघडला. कुरणाच्या टोकाला, ओढ्याकाठी, घरांपासून लांब एक बुटकं दगडी बांधकाम. खिडकी नाही. दार काळं, भिंती धुरानं काळ्या, वर वेल माजलेला. मालकाचा रकाना रिकामा. तिच्या गावी ओढ्याकाठी, घरांपासून लांब, काजळलेलं असं एकच असतं, आणि तिकडे बघत उभं राहायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. जर्मन खेड्यात ओढ्याकाठी मसणवटा नसतो, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. पण नजर आपसूक वळली ती वळलीच. दुसऱ्यांदा तिनं फोटो पाहिला नाही. शीटवर भरलं: पडकी शेड, वापर नाही, मालक नाही. खाली 'टीप वाचली' असा चौकोन होता. त्यात टिक केली आणि फाइल पुढे सारली.

पुढे म्हणजे चेकर रमण यांच्याकडे. रमण पालक्काडचे, पण वाढले आणि संसार मांडला तो डोंबिवलीत, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच. प्रत्येक शीटवर शेवटची सही त्यांची. "जयवंती मॅडमचं काम ना? मग काय बघायचं," म्हणत त्यांनी सही केली. पावणेसहाला ती तालमीला हजर होती. दिग्दर्शकानं कौतुक केलं.

आठ महिन्यांनी, दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात, फ्राऊ वेंडलिन यांची मेल आली. यादीत 'पडकी शेड' असल्यावर सुनावणीची गरज नव्हती. रस्त्याच्या लोकांनी मशीन आणलं आणि एका सकाळीत काम उरकलं. फ्राऊ वेंडलिन तेव्हा खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडून होत्या. गावातल्या कुणाला कळलं तेव्हा दगडांचा ढीग उरला होता.

ती गावाची भट्टी होती, पाव भाजायची. कुणा एकाची नव्हती, सगळ्यांची होती, म्हणून मालकाचा रकाना रिकामा. वर्षातून दोनदा, सणाला, अजून पेटायची. वेलाखाली साल कोरलेलं होतं, सोळाशे अकरा. अख्खं गाव जळालं तेव्हा उभी राहिलेली ती एकच इमारत, कारण आगीच्या भीतीनं पूर्वजांनी ती घरांपासून लांब बांधली होती. जंगलातून परतलेल्या नऊ कुटुंबांनी पहिला पाव तिथेच भाजला. हे सगळं त्या दोन पानांत होतं.

मेलच्या शेवटी म्हाताऱ्या बाईंनी लिहिलं होतं: "माझं अक्षर तुम्हाला लागलं नाही का? तसं असेल तर दोष माझा आहे. मी कुणाकडून तरी टाइप करून पाठवायला हवं होतं."

जयवंतीनं ते वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. शिरा पडो त्या तालमीवर! एकदा नव्हे, दहादा म्हणाली. मग तोंड धुऊन जागेवर येऊन बसली. बोलली काहीच नाही.

जर्मन कंपनीनं जाब विचारला. मस्कतच्या कंपनीला एक मान द्यायची होती, आणि मान सहीवाल्याची असते. रमणना नोटीस मिळाली. तिथे काढलं म्हणजे नुसती नोकरी जात नाही. कंपनीनं ना-हरकत दिली नाही तर दोन वर्षं ओमानात पाऊल ठेवता येत नाही. पंचावन्नाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे खलास! आणि रमणची खुर्ची मॅनेजर हुसैनमियाँनी दिली कुणाला? जयवंतीला. "इन्शाल्ला, आप सँभाल लेंगे," म्हणाले.

तिच्याकडे कारणं होती, नव्हती असं नाही. तेलाचे भाव पडल्यापासून नवऱ्याची, ओमप्रकाशची कंपनी माणसं काढत सुटली होती, उद्या त्याचा नंबर लागेल अशी धास्ती. लेकीची, उर्वीची बारावी मार्चमध्ये. ही कारणं ती रोज सकाळी अल हैलहून रुवीला येईपर्यंत गाडीत मोजायची, आणि ऑफिसचा जिना चढेपर्यंत त्यातलं एकही टिकायचं नाही. घरी उर्वीनं विचारलं, "मम्मा, आर यू ओके? तू जेवत का नाही?" जयवंती तिच्यावरच खेकसली. चोर तो चोर, वर शिरजोर, दुसरं काय म्हणायचं!

रमण दोन आठवडे तिला काम समजावून देत होते. मनात अढी नाही, आवाजात कडवटपणा नाही. माणसानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! ते उलट तिलाच चहा मागवायचे. शेवटच्या गुरुवारी दुपारी ऑफिस रिकामं होतं, आत केबिनमध्ये फक्त हुसैनमियाँ. रमण चष्मा काढून डोळे चोळत बसले.

"बौशरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "नंबर तोच आहे. डोळे ठीक म्हणाला."

"मग चांगलंच आहे की," जयवंती म्हणाली.

"चांगलं कसं? डोळे ठीक, तर मग डोकं." त्यांनी कपाळावर बोट टेकलं. "टीप वाचली अशी तुमची टिक आहे. म्हणजे टीप आली होती, तुम्ही वाचली होती, माझ्यापुढे ठेवली होती. तुम्ही काय खोटी टिक कराल? मग मी पण वाचली असणार. सोळाशे अकरा साल वाचलं आणि पडक्या शेडवर सही केली! आणि मला त्यातलं काही, काही आठवत नाही, मॅडम. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी कागद विसरायचे. शेवटी आम्हाला विसरले."

पंचावन्न वर्षांचा माणूस लहान मुलासारखा घाबरला होता, आणि ती भीती त्याच्या उरावर जयवंतीनं बसवली होती. नोकरी घेतली ती घेतली, वर त्याचं डोकंही त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

"रमणसर," ती म्हणाली, "टीप नव्हतीच."

"म्हणजे?"

"म्हणजे होती, पण वाचून आली नव्हती. मी दुबईला पाठवलीच नाही. तालमीला जायचं होतं मला. मी खोटी टिक केली. तुम्हाला काही आठवत नाही, कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही नुसती सही केलीत, माझ्या भरवशावर."

रमण तिच्याकडे बघत राहिले. आता उठतील, आता कानाखाली देतील, असं तिला वाटलं, आणि द्यावी असंही वाटलं. ते हसले. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"विसरलो नाही!" ते म्हणाले. "अहो, म्हणजे मी विसरलो नाही! थांबा, थांबा, नयनाला सांगायला पाहिजे. ती झोपत नाहीये बिचारी, मला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते शोधत बसते." त्यांनी डोंबिवलीला फोन लावलासुद्धा, आणि तिच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. माझ्यावर विश्वास नाही बसायचा तिचा."

जयवंतीनं नयनावहिनींना पुन्हा सगळं सांगितलं. बायकोला सांगणं नवऱ्याला सांगण्यापेक्षा अवघड निघालं. टीप, टिक, तालीम. काही गाळलं नाही.

पलीकडून हुंदका आला. "देव तुमचं भलं करो," नयनावहिनी म्हणाल्या. "खरंच उपकार झाले तुमचे. मी रोज देवाला म्हणत होते, नोकरी जाऊ दे, पण माणूस शाबूत दे. सांगितलंत ते बरं झालं."

उपकार! जयवंतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पलीकडे नाक पुसल्याचा आवाज झाला. आणि मग नयनावहिनींनी विचारलं. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही, बसचं वेळापत्रक विचारावं तसं.

"मग घरी हे का येतायत?"

समोर रमणना प्रश्न ऐकू गेला असावा. त्यांनी घाईघाईनं फोनसाठी हात पुढे केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या, मॅडम. तिला काय कळतंय. उर्वीची परीक्षा आहे तुमच्या. मी शाबूत आहे, मला पुरे."

वाट मोकळी होती. त्या भल्या माणसानं स्वतःच्या हातानं करून दिली होती. फोन परत द्यायचा, डोळे पुसायचे, आणि रविवारी त्याच्या खुर्चीत बसायचं. घडीभर, देवाशपथ, तिला तेच करावंसं वाटलं. हात पुढे झालासुद्धा.

मग तिनं तो मागे घेतला. "वहिनी, फोन ठेवू नका," ती म्हणाली. फोन तसाच चालू ठेवून ती केबिनकडे गेली आणि दार न ठोठावता आत शिरली. हुसैनमियाँ जेवणाचा डबा उघडत होते. "आइए, बैठिए," म्हणाले. ती बसली नाही. तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, पलीकडच्या बाईला प्रत्येक शब्द ऐकू जाईल असा.

"रमणसरांचं तिकीट रद्द करा," ती म्हणाली. "घरी मी जाते."