परत गेलेल्यांची खोकी

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि गणितात कशीबशी पास होत होते. आमचं बुटांचं दुकान होतं. खाली दुकान, वर आम्ही. आत शिरलं की डाव्या हाताला बाबा पुरुषांचे बूट विकत, उजव्या हाताला आत्याचं बायकांचं काउंटर. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "गिऱ्हाइकांतून सवड मिळाली तर ना!" त्या काउंटरवर ती विशीत बसली ती बसलीच. सकाळी शटर वर गेलं की तिचा चेहरा उजळायचा, तसा कोणाच्या लग्नातही उजळत नसे.

त्याच वर्षी मामा बदली होऊन आमच्या शहरात आला. आईचा धाकटा भाऊ, सरकारच्या आकडेवारीच्या ऑफिसात नोकरीला. क्वार्टर मिळेपर्यंत तो आमच्याकडेच राहिला. बाबा त्याला 'सरासरीसाहेब' म्हणायचे.

"तुमच्या ऑफिसात नेमकं करतात तरी काय हो?"

"मोजतात, भावोजी."

"आणि मग?"

"मग कोणीतरी म्हणतं चुकलं, की पुन्हा मोजतात."

बाबा आईकडे बघायचे. ह्याला पगार देतात, असा त्या बघण्याचा अर्थ.

आईने माझं गणित त्याच्या गळ्यात मारलं. पहिल्याच संध्याकाळी मामाने माझं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "घरातल्या सगळ्यांच्या पायाचे नंबर सांग. माझाही धर." मी सांगितले. "आता सरासरी काढ." काढली. "या नंबरचा जोड घरात कोणाला बसेल?"

मी एकेकाला मनातल्या मनात घालून पाहिला. बाबांना बोटं मुडपावी लागतील, आईचा पाय आत पोहेल, मला ढगळ, मामाला टोचेल.

"कोणालाच नाही."

"शाबास. मग नुसत्या सरासरीवर माल भरणाऱ्या दुकानदाराचं काय होईल?"

मला हसू फुटलं. गणिताच्या तासाला हसण्याची ती माझी पहिली वेळ. मामा म्हणाला, "यातलं अर्धं संख्याशास्त्र झालं आणि अर्धं अर्थशास्त्र. शाळेत बोलू नकोस, मास्तर घाबरतील."

तेव्हापासून मी जी प्रश्न विचारत सुटले की त्याने माझं नाव शंकासूर ठेवलं. शेजारच्याकडे गर्दी तर आपल्याकडे का नाही? महाग झालं तरी मीठ तितकंच का खपतं? बाबा म्हणायचे, "बरं चाललं होतं पोरीचं, तुम्ही बिघडवलीत."

मग एका रविवारी जेवताना बाबांनी विषय काढला. समोरचा घड्याळवाला जागा शोधत होता. भाडं चांगलं देत होता. आत्याच्या बाजूची विक्री वर्षानुवर्षं रडतखडत चाललेली. "तिकडची अर्धी जागा त्याला देऊन टाकावी म्हणतो," बाबा आमटीकडे बघत म्हणाले. बहिणीकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही.

आत्याचा घास हातातच राहिला. "आणि मी काय करू? वर येऊन वहिनीच्या स्वयंपाकात लुडबूड?"

"तसं नाही गं."

"दादा, रंगांचा घोटाळा आहे रे. बायका येतात, घालून बघतात आणि रंग आवडला नाही म्हणून जातात. जरा बरे रंग आण."

रंगांचं आमच्याकडे मोठं प्रकरण होतं. आत्याच्या सांगण्यावरून बाबांनी मोरपंखी आणले, मोहरीसारखे पिवळे आणले, एकदा असे जांभळे आणले की आई म्हणाली, हे घालून बाई अंधारातही हरवायची नाही. तरी बायका रंगालाच नावं ठेवून जायच्या.

"रंग पुष्कळ झाले," बाबा म्हणाले. "हा हंगाम जाऊ दे, मग घड्याळवाल्याला होकार कळवतो."

आत्या पानावरून उठून गेली. मला राहवेना. मी मामाला विचारलं, "पण कारण रंगाचंच आहे, हे कशावरून?"

"बायका सांगतात ना तसं," बाबा म्हणाले.

मामाने ताटात बोट फिरवलं. "भावोजी, सहा नंबर घट्ट झाला, माझा पाय मोठा आहे, असं चार बायकांसमोर कोण म्हणेल? विचारलं की माणूस आपल्याला शोभेल ते सांगतो. म्हणून विचारू नका. मोजा. आणि विकत घेणारीला मोजून उपयोग नाही, तिचा हिशोब तुमच्याकडे आहेच. रिकाम्या हाताने जाते तिला मोजा."

आत्याच्या काउंटरवर सहाच्या पुढचा नंबर नव्हताच. कोणी मागत नाही म्हणून ठेवत नव्हते. ठेवत नव्हते म्हणून कोणी मागत नव्हतं का, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. दुकानात पाय मोजायची लाकडी पाटी होती, तिच्यावर सरकणारी पट्टी. ती बहुतेक मुलांसाठीच निघायची. आता येईल त्या बाईचा पाय आधी पाटीवर.

"आल्या आल्या पाय धरू म्हणता गिऱ्हाइकांचे?" आत्याने मामाला विचारलं.

"एरवी काय धरता, आत्याबाई?"

बाई काही न घेता गेली की मी मागच्या खोलीत जाऊन तिच्या नंबरच्या जागी एक रिकामं खोकं रचायची. खोकी आमच्याकडे ढिगाने पडलेली असत. चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, असे खडूने जमिनीवर आकडे लिहिले होते. शाळेतून आले की मी दप्तर टाकून थेट आत्याशेजारी. हळूहळू मागच्या खोलीत खोक्यांचे मनोरे उभे राहिले. चारचा, पाचचा गुडघ्याइतका. आठचा माझ्या डोक्यावरून गेला.

मी बाबांना हात धरून ओढत आणलं. "बघा!"

बाबांनी मनोरे पाहिले. मग मला विचारलं, "मोजतेस कधी?"

"शाळा सुटल्यावर."

"म्हणजे संध्याकाळी. दिवसभर उभं राहिलं की पाय फुगतात, हे बूट विकणाऱ्याच्या पोरीला कोणी सांगायचं? तुझ्या सरासरीसाहेबांच्या ऑफिसात सगळे खुर्चीत बसलेले असतात, त्यांना कुठून माहीत!"

माझा चेहरा पडला. रात्री जेवताना हे ऐकून मामा मात्र खूश. "सोळा आणे खरं, भावोजी. चूक माझी. आता सकाळचीही मोजणी हवी."

"मी करते," आत्या म्हणाली.

"तुम्ही नाही, आत्याबाई. ज्याचं काउंटर जायचं आहे त्याने मोजू नये. हिची शाळा, माझं ऑफिस." आणि तो बाबांकडे बघू लागला. मग आम्ही सगळेच बघू लागलो.

"मी?" बाबा म्हणाले.

"भाडं तुम्हालाच मिळायचं आहे. तुम्ही आत्याबाईंच्या बाजूने नक्की खोटं सांगणार नाही."

"आणि उलट बाजूने?" आईने पोळी टाकता टाकता विचारलं.

"तेवढे ते सरळ आहेत, ताई."

बाबा अडकले. सकाळी आत्या पट्टी सरकवायची, बाबा चष्मा लावून आकडा वाचायचे आणि गिऱ्हाईक रिकामं गेलं की कुरकुरत मागच्या खोलीत समोरच्या भिंतीला खोकं लावून यायचे. वेगळी भिंत, म्हणजे सकाळ-संध्याकाळची सरमिसळ नको. हे त्यांना मामाने नाही सांगितलं, त्यांचं त्यांनीच ठरवलं.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी तिथेच होते. एक उंच नर्स आली, रात्रपाळी करून. पाय पाटीवर. बाबांनी वाचलं, आठ. तिने सहाचा जोड मागितला. आत्याने चढवला, ती दोन पावलं चालली, ओठ दाबून म्हणाली, "छान आहे हो, पण रंग जरा भडक वाटतो."

ती गेली. बाबा त्या जोडाकडे बघत राहिले. जोड काळा होता.

"अगं," ते आत्याला म्हणाले, "किती वर्षं असे रंग आणतोय आपण?"

आत्या एवढी हसली की स्टुलावर बसली. हसता हसता तिने डोळेही पुसले.

सकाळच्या भिंतीला सगळ्यात उंच मनोरा सातचा निघाला, संध्याकाळच्या भिंतीला आठचा. दोन्ही सहाच्या पलीकडे. बाबा म्हणाले, "पटलं. पण हे ठेवू कुठे? शेल्फ काय रबराचं आहे?"

मामा माझ्याकडे वळला. "शंकासूर, आता तुझं अर्थशास्त्र. एक जोड ठेवायचा म्हणजे दुसरा कुठला तरी ठेवायचा नाही. कुठला, ते तू सांग."

मी चाचरत चार नंबरच्या रंगीत जोडांकडे बोट दाखवलं. आत्याने ते स्वतः उतरवले, एकेक हातात घेऊन. जांभळ्यापाशी अडली. "हा राहू दे, दादा."

"एकच," बाबा म्हणाले.

काळे-तपकिरी सात आणि आठ आले. आत्याने नंबराचं नावही काढायचं नाही असं ठरवलं. बाई सहा मागायची, आत्या सातचा जोड आणून, तळावरचा नंबर दिसणार नाही असा धरून चढवायची आणि म्हणायची, "हा जरा मोकळा येतो." बाई दोन पावलं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. तोंडावरचा ताण जाताना दिसायचा. रंगाचं कोणी काही बोलेना. त्या महिन्यात आलेल्यांतल्या बऱ्याच बाया पुन्हा बहिणींना घेऊन आल्या. हंगाम संपल्यावर घड्याळवाला उत्तर मागायला आला, तेव्हा उजव्या बाजूला बसायला स्टूल रिकामं नव्हतं. बाबांनी त्याला आतूनच हात हलवून दाखवला.

घड्याळवाल्याला दोन गल्ल्या सोडून जागा मिळाली. लोक घड्याळं दुरुस्त करून घेईनासे झाले तेव्हा त्याने दुकान बंद केलं आणि मुलाकडे राहायला गेला. मामाला क्वार्टर मिळालं, पुढे बढत्या मिळाल्या, मोठ्या ऑफिसचा प्रमुख होऊन निवृत्त झाला. शेवटपर्यंत चुका दाखवणाऱ्या माणसावर तो खूश व्हायचा, त्यामुळे हाताखालचे लोक त्याच्यावर खूश असत. आई ऐंशी ओलांडून गेली. बाबा तिच्या आधी गेले. नजर अधू होईपर्यंत ते सकाळी त्या पाटीजवळ बसत आणि आकडा मोठ्याने न वाचता आत्याला बोटांनी दाखवत.

मी संख्याशास्त्र घेतलं, कॉलेजात शिकवलं, आणि माझ्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांना आपापल्या पायाचा नंबर सांगावा लागे.

आत्या सत्तरीपर्यंत काउंटरवर होती. गुडघे वाकेनात तेव्हा खुर्ची टाकून बसली, जोड चढवायला एक मुलगी ठेवली आणि तिला "हा जरा मोकळा येतो" म्हणायला शिकवलं. बाबांच्या मागे दुकानाची उजवी बाजू आत्याच्या नावावर झाली होती. तिने ती त्या मुलीला दिली.