सिद्धीच्या काजूचं मूळ

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. गोव्यात, पेडण्यातल्या कोरगावात विठू मास्तरांकडे माझा मुक्काम असतो. कसरीने माझ्या पाठीची चाळण केली आहे, पण तोरा अजून उतरलेला नाही. मास्तरांच्या शाळेत एकेकाळी मुलं माझ्यासाठी रांग लावत. पुढे मोबाइल आले आणि मी कपाटावर गेलो. तिथे मी कुणाच्या तरी हाताची वाट पाहत पडून असायचो.

गेल्या काजूच्या हंगामात मास्तरांच्या नातीने, नववीतल्या सिद्धीने, मला खाली काढलं. शाळेसाठी तिला एका इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचं होतं. तिने ‘कॅश्यू’ निवडला. मास्तर अंगणात बोंडांच्या बिया काढत बसले होते.

“ह्यात शोधूक काय आसा? साहेबान आमचो काजू उचललो,” ते म्हणाले. जन्मभर काजू वेचलेल्या माणसाला कोश कशाला लागतो?

सिद्धीने माझी बारीक अक्षरं वाचून दाखवली. शब्द पोर्तुगीजांकडून आला होता. त्यांनी तो ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून घेतला होता. झाडही तिथलंच. मास्तरांच्या हातातलं बोंड हातातच राहिलं. खरं सांगितल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं.

सिद्धी मात्र त्या ओळीवर बोट ठेवून बसली. जूनमध्ये तिला इंग्लंडला आईकडे कायमचं जायचं होतं, आणि जायचं मन नव्हतं.

“आजो, माका थंय गमतला?” परक्या देशात करमेल का, हीच तिची धास्ती होती.

“काजू खंयसून इलो बघ. आज ताका परको कोण म्हणता?” मास्तर म्हणाले. तिला धीर देताना त्यांचेच डोळे भरले होते.

सिद्धी गेली. बॅगेत माझं वजन बसलं नाही. दर रविवारी ती फोन करायची आणि एक शब्द द्यायची. “आजो, मूळ बघून सांग.” तिच्या मोबाइलवर ते क्षणात मिळतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. तरी ते चष्मा लावून मला उघडायचे. माझा तो सणच असायचा.

गेले तीन रविवार फोन आलेला नाही. मास्तर मला उघडतात, कुठलाच शब्द न शोधता बसून राहतात आणि मिटतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, अशी विनंती मी करणार होतो. ती राहू द्या. तुमचे आजोबा लांब असतील, तर त्यांना एखादा शब्द विचारा. अर्थ ठाऊक असला तरी विचारा.