गुरुवारचा ओव्हरटाइम

“उठा, आज बुधवार हाय,” सुमननं धडधडीत खोटं सांगितलं आणि कोंडीरामच्या काखेत हात घातला. वार होता गुरुवार.

अर्धांगवायूनं डावी बाजू लुळी पडल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात वारांचा घोळ झाला होता. एरवी तिला त्याचं रडू यायचं, आज तेच पथ्यावर पडलं. घरी येऊन व्यायाम शिकवणाऱ्या मोनिकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “काकू, आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम. दमलेले स्नायू त्याच दिवशी सावरतात.” कोंडीरामनं लगेच गुरुवार मागून घेतला. जन्मभर कंपनीची सुट्टी गुरुवारी. दुसऱ्या वारी त्याच्या अंगाला आराम मानवला असता का!

सुमनला मात्र हे काही पटेना. आराम करून कुणाचं भलं झालंय? कंपनीतल्या पोरांचे डबे करता करता तिची उमर गेली. सणवार असो, ताप असो, गॅस कधी बंद राहिला नाही. आणि इथं तर अब्रूचा प्रश्न होता. कोंडीरामला एकट्यानं संडासाला जायचं होतं, बस्स, एवढंच. ती भांडं घेऊन आली की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. ते फिरवलेलं तोंड तिला बघवायचं नाही.

खुर्चीवरची उठबस झाली. खिडकीचे गज धरत दोघं संडासाच्या दाराकडे निघाली. मध्येच कोंडीराम थबकला आणि कान देऊन उभा राहिला.

“लेथ… बंद.”

तळवड्यातल्या त्यांच्या खोलीच्या खाली गणराजचं वर्कशॉप होतं. गुरुवार सोडला तर दिवसभर तिथल्या लेथ मशीनची घरघर चालायची. सुमन चपापली.

“लाईट गेली आसंल.”

कोंडीरामनं वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि वाकड्या तोंडानं हसला.

“ओव्हर… टाइम?”

“व्हय, ओव्हरटाइम. चला.”

पुढचे गुरुवारही तसेच गेले. गुडघा सुजला, तिनं तेल चोळलं. पाय लटलट कापायला लागला, तर तिला वाटलं, जोर येतोय. अति तिथं माती, ही म्हण काय तिला ठाऊक नव्हती? पण आशा लागली की म्हणी कुणाला आठवतात! एका गुरुवारी संडासाच्या दाराशी पोचता पोचता गुडघा वाकला आणि कोंडीराम कोसळला. तिथंच उंबऱ्यावर त्याचा लेंगा ओला झाला. तो नुसता त्या दाराकडे बघत पडून राहिला.

मोनिकानं गुडघा दाबून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

“आता पुन्हा पहिल्यापासून, तेही सूज उतरल्यावर. काका, सुट्टीच्या दिवशीपण करत होतात का?”

सुमन पुढं झाली. “अगं, ते…”

“मी,” कोंडीराम म्हणाला. “मीच. ऐकलं… न्हाई.”

मोनिका त्याला चांगलंच रागावली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. सुमन मोरीत गेली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली.

पुन्हा गुरुवार आला. खाली सामसूम होती. खोलीवर राहणाऱ्या पोरांचे दुपारचे डबे गेल्यावर सुमननं संध्याकाळची मेथी पुढ्यात ओढली, तसा कोंडीरामनं चांगल्या हातानं खाटेवर थोपटलं.

“बस.”

“भाजी निवडायचीय.”

“सुट्टी… तुझी.”

“मला कसली आलीय मेली सुट्टी!” म्हणाली खरी, पण बसली. भरदिवसा हात रिकामे ठेवून ती कधी बसली होती, तिलाच आठवेना. पाठीला टेकण मिळालं आणि इतक्या वर्षांची दुखणी एकदम जागी झाली. तरीही बरं वाटलं.

थोड्या वेळानं तिचं लक्ष गेलं. कोंडीरामनं पायाची बोटं आवळली होती, कपाळावर घाम आला होता. हे लक्षण ती ओळखत होती.

“अहो, लागलीय का?”

“न्हाई.”

“आणते की भांडं.” ती उठायला लागली, तसा त्यानं तिचा पदर धरला.

“बस… जरा. सुट्टी… हाय.”

आज त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं नव्हतं. घाम तसाच ठेवून तो तिच्याकडे बघत होता.

सुमन बसली.